तीन नग

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. ज्यानं ही म्हण काढली त्याला आठ दिवस आमच्या घरी राहायला धाडायला हवं होतं. भांडणारे दोघे म्हणजे माझे भाऊ आणि तिसरी मी. लाभ काय झाला ते सांगते, ऐका.

आमचा औषधांचा घाऊक धंदा. अप्पा मिरजेहून हुबळीत आले आणि देशपांडे नगरात दुकान टाकलं, मग धारवाडला गोदाम घेतलं, मग केशवापुरात घर बांधलं. कलघटगीपासून अळणावरपर्यंतच्या दीडशेएक मेडिकलवाल्यांना माल आमच्याकडून जातो. थोरला भाऊ बाळकृष्ण, त्याला सगळे अण्णा म्हणतात. धाकटा विनायक, आमचा विनू. मधली मी, दीपाली. माझं लग्न झालं आणि चार वर्षांत मोडलं. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला दुकानात संगणकासमोर बसवलं, म्हणाले, बसून खाऊ नको. तेव्हापासून अठरा वर्षं झाली. दीडशे दुकानदारांची मी अक्का आहे.

अप्पा गेले तेव्हा भावांनी हक्कसोडाचा कागद पुढं केला. बहिणी करतातच सही, मीही केली, बदल्यात एक इलकल साडी मिळाली. साडीबद्दल माझी तक्रार नाही, रंग चांगला होता. पण धंद्याच्या कागदावर भागीदार म्हणून माझं नाव यावं एवढं एकच मला हवं होतं, कारण त्या धंद्याचं डोकं मी चालवत होते. अण्णाला विचारलं की तो म्हणायचा, "करू की दीपे, येत्या पाडव्याला." असे नऊ पाडवे गेले. कुणी नवा माणूस दुकानात आला आणि त्यानं कन्नडमध्ये विचारलं, "नीव यारु?", म्हणजे तुम्ही कोण, तर मी सांगायची, अण्णांची बहीण. स्वतःचं असं सांगायला दुसरं काही नव्हतंच.

धंद्याचं डोकं म्हणजे काय ते सांगते. पूर्वी एकच मोठा संगणक होता. तो बसला की सगळा कारभार बसायचा, औषध कुठल्या लॉटचं, कुणाला गेलं, काही कळायचं नाही. म्हणून मी बंगळुरात जाऊन शिकून आले आणि तीन यंत्रं मांडली. एक दुकानात, एक गोदामात, एक घरी माझ्या खोलीत. तिन्हींत तीच वही. कुठंही बिल झालं की तिघं एकमेकांना विचारतात, आणि तिघांतले दोघे हो म्हणाले की नोंद पक्की. एखादं बंद पडलं तर उरलेले दोघे काम रेटतात, आणि ते परत उभं राहिलं की मधलं सगळं त्याला शिकवतात. याला क्लस्टर म्हणतात. माझ्या खोलीत भिंतीवर पडदा होता, त्यावर तीन हिरवे दिवे. काही बिनसलं की दिवा लाल व्हायचा आणि माझा फोन वाजायचा. मी भाकरी थापत असले तरी हात धुऊन आधी ते बघायची. सहा वर्षांत एक नोंद इकडची तिकडं झाली नाही. देवाची शपथ घेऊन सांगते.

मग भावांचं बिनसलं. कारण विचारू नका. मोठी कारणं असती तर मिटली असती. वाटणी करायला मिरजेहून मुकुंदरावमामा आले. सोप्यावर सतरंजी टाकली आणि मामा वहीत यादी करायला लागले. दुकान थोरल्याला, गोदाम धाकट्याला, घर थोरल्याला, धारवाडची जागा धाकट्याला. गाड्या, फ्रिज, कपाटं. मग मामांनी लिहिलं, "मोठे संगणक – तीन नग." आणि चष्म्यावरून मला विचारलं, "ह्यातला मुख्य कुठला गं?"

माझी जीभ झडायला हवी होती त्या वेळी. अठरा वर्षांत पहिल्यांदा घरातल्या कुणीतरी माझ्या कामाबद्दल विचारलं होतं, मी हुरळले. म्हटलं, मामा, ह्यात मुख्य असा कुणी नसतो. ज्या बाजूला दोन, तिचं खरं. उरलेल्या एकट्यानं ऐकायचं. बोलता बोलता माझं लक्ष भावांकडं गेलं. दोघांचेही चेहरे बदलले होते. तोवर त्यांना ती नुसती पेटारी वाटत होती, आता त्यांना कळलं की तिसरं यंत्र ज्याचं त्याचा धंद्यावर हात.

"घर माझं, तर घरातलं यंत्र माझं," अण्णा म्हणाला.

"म्हणजे तुझी दोन आणि माझं एक. मी काय तुला विचारून बिलं फाडू?" विनू म्हणाला.

तासभर चाललं ते. आई मध्येच चहा घेऊन आली आणि तशीच परत गेली. शेवटी मामांनी निकाल दिला, ना तुझं ना त्याचं. तिसरं बंद करायचं आणि माळ्यावर ठेवायचं. मी म्हटलं, "मामा, दोघांत बहुमत होत नाही. एकाला दुसरा दिसेनासा झाला की दोन्ही थांबतील. मधली लाइन तुटली तर आपण मेलो."

मामा म्हणाले, "संसार दोघांचाच असतो की. चालतो."

हे मला सांगत होते. मला. मी स्वतःच्या हातानं वायर काढली. जुन्या लुगड्यात गुंडाळून यंत्र माळ्यावर चढवलं.

मी म्हटलं तसंच झालं. धारवाडला रस्ता खणला की लाइन जायची, आणि इकडं देशपांडे नगरात बिल निघायचं थांबायचं. माझा फोन दिवसातून दहा वेळा वाजायचा. तरी तोवर ते दैवानं होत होतं. एका शनिवारी वाटणीतल्या एका गाडीवरून दोघांची फोनवर बाचाबाची झाली आणि पाचच मिनिटांत धारवाडचा दिवा लाल. मी गोदामात फोन लावला. तिथला जुना माणूस नागेश हळूच म्हणाला, "अक्का, साहेबांनीच बटण बंद केलंय." दुकानात शनिवारचे वीस दुकानदार ताटकळत उभे होते, अण्णा घामाघूम, आणि तिकडं हा बाबा चहा पीत बसला होता. सोमवारी अण्णानं त्याचं उट्टं काढलं. लहानपणी दोघे पतंगाचा मांजा कापायचे एकमेकांचा, वयाची पन्नाशी आली तरी तेच.

चार दिवसांनी अण्णा वर माझ्या खोलीत आला. तो कधी येत नाही. खुर्चीवर बसला, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दीपे, माझं एकट्याचं चालेल असं कर. विनूला कळू देऊ नको. ह्या पाडव्याला तुझं नाव घालतो, आईची शपथ." दोन दिवसांनी विनूचा फोन. "अक्का, माझं एकट्याचं चालेल असं करशील? अण्णाला बोलू नको. धारवाडचं लेटरहेड नवीन छापतोय, त्यावर तुझं नाव टाकतो."

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. हे मी शंभर वेळा स्वतःला सांगितलंय. दोन यंत्रं एकमेकांना न विचारता लिहायला लागली की दोन वह्या होतात आणि दोन्ही स्वतःला खरी म्हणतात, हे शिकवणीच्या पहिल्या आठवड्यात सांगतात. पण अण्णाला नाही म्हटलं तर घर जातं, विनूला नाही म्हटलं तर माहेर अर्धं होतं. आणि खरं सांगायचं तर नावाची हाव. दोघांनाही हो म्हटलं. एका दुपारी दोन्ही यंत्रांना सांगितलं की तुम्ही एकेकटे पुरे आहात, कुणाला विचारायची गरज नाही.

पडदा लगेच लाल झाला. होणारच, तो दोघांचं एकमेकांशी जुळतं का हे बघत होता. मी तेही बदललं. आता तो फक्त यंत्र सुरू आहे का एवढंच विचारायचा, आणि सुरू तर दोन्ही होती. दिवे हिरवे झाले, फोन गप्प झाला. अण्णा खूश, विनू खूश, आईनं नारळ फोडला की भांडण मिटलं.

आणि मी रोज चार ते सहा बसून दोन वह्या हातानं जुळवायची. माळ्यावरच्या यंत्राचं काम मी करत होते म्हणा ना. दोन्हीकडं तेच क्रमांक चालू राहिलेले. हुबळीत एका क्रमांकाचं बिल नवनगरच्या दुकानाचं, त्याच क्रमांकाचं धारवाडचं बिल तिसऱ्याच कुणाचं. मी एकाला नवा क्रमांक द्यायची आणि दोन्ही ठेवायची. डोळे फुटायची वेळ यायची, पण सात महिने निभावलं.

विनूनं धारवाडला बंगला बांधला. वास्तुशांतीला दोनशे पानं, आणि मोडलेल्या बाईला पूजेत जागा नसली तरी स्वयंपाकघरात असतेच. तीन दिवस आधीपासून विनूच्या बायकोचे फोन, "अक्का, तुमच्याशिवाय होणार नाही." खोबरं किसत, कोशिंबीर चिरत मी तिथं अडकले. इकडं तीन दिवसांची जुळवणी साचली. चौथ्या दिवशी बसले तर पाठ धरलेली, आणि अण्णाचा लकडा की महिन्याचा हिशोब पाठवायचाय, आटप. मी यंत्राला सांगितलं, क्रमांक तोच असेल तर नंतरची नोंद ठेव, आधीची पूस. पाच मिनिटांत काम झालं. मी आडवी पडले.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. फेफऱ्याच्या गोळ्यांचा एक लॉट कमअस्सल निघालाय, औषधच पुरेसं नाही त्यात, सगळा माल परत घ्या. अशाच वेळेसाठी मी ती यंत्रं मांडली होती. दहा मिनिटांत यादी काढली. अकरा दुकानं. स्वतः अकराही ठिकाणी फोन केले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या पट्ट्या परत आल्या. औषध खात्याच्या इन्स्पेक्टरनं फोनवर शाबासकी दिली. अण्णानं चारचौघांत सांगितलं, आमची दीपी म्हणजे, काय समजलात. मला त्या दिवशी जेवणही जास्त गेलं.

दुकानं बारा होती.

अळणावरची मीनाक्षी म्हणून एक मेडिकलवाली आहे, सरळ बाई. एकोणीस दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. "अक्का, ह्या गोळ्या परत घ्यायच्या होत्या काय? माझ्याकडं तोच लॉट आहे की. मी एका पोरीला देत होते, तिला काल एकामागून एक झटके आले, धारवाडला दवाखान्यात नेलंय." मी यंत्रात शोधलं. अळणावरला तो माल गेल्याची नोंदच नव्हती. मग धारवाडच्या बिलांच्या छापील प्रती मागवल्या, नागेशनं गठ्ठा आणून दिला, त्यात ते बिल होतं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवसाचं. त्याच क्रमांकाचं हुबळीचं बिल तासाभरानं झालेलं, वाताच्या तेलाच्या चार बाटल्यांचं. यंत्रानं मी सांगितलं तसं केलं होतं, नंतरचं ठेवलं होतं.

त्या पोरीचं नाव यमुना, वय नऊ. वाचली. पण झटक्यात जीभ दातांखाली आली, टाके पडले, आणि शब्द अजून नीट येत नव्हते. डॉक्टर म्हणाले, येतील, नाहीही येतील.

इन्स्पेक्टरची नोटीस आली आणि लायसन थांबवलं. लायसन अजून अप्पांच्या फर्मच्याच नावावर, वाटणी नुसती घरात झालेली. दोघे भाऊ वाटणीनंतर पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसले, शेजारी मामा. मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. अण्णानं काय मागितलं, विनूनं काय मागितलं, मी काय केलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मला वाटलं आता जुंपणार. तर अण्णा म्हणाला, "म्हणजे तूही?" आणि विनू हसला. खरंच हसला. म्हणाला, "मग काय, तूच एक शहाणा?" वर्षभरात दोघे एकमेकांशी इतकं मोकळं बोलले नव्हते. मामांनाही बरं वाटलं. आईनं पदरानं डोळे पुसले. पोरीचं नाव कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वकिलाला विचारून त्यांनी कागद आणला. मामांकडं दोन वर्षांपूर्वीचा कोरा स्टॅम्प पेपर होता, असले कागद ते जपून ठेवतात. त्यावर मागच्या तारखेचं भागीदारीपत्र. भागीदार तीन. श्री. बाळकृष्ण, श्री. विनायक, श्रीमती दीपाली. संगणक विभाग आणि मालाच्या नोंदी यांची पूर्ण जबाबदारी श्रीमती दीपाली यांची. हिस्सा समान, एक तृतीयांश.

"हिस्सासुद्धा?" मी विचारलं.

"वकील म्हणाला, नुसतं नाव घातलं तर खोटं वाटतं," विनू म्हणाला. त्याला त्यात काही गैर दिसत नव्हतं.

अण्णा म्हणाला, "तुला हवं होतं की गं. घे. आणि धंदा वाचला तर सगळ्यांचाच वाचला. आम्हाला पोरंबाळं आहेत दीपे." म्हणजे मला नाहीत, मी कोर्टात गेले तरी चालेल.

मी तो कागद तीन वेळा वाचला. वाटलं फाडावा आणि दोघांच्या तोंडावर मारावा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणायचीही सोय नव्हती, कारण मी संन्याशीण नव्हते. पुसायला मीच सांगितलं होतं, दिवे मीच हिरवे केले होते. आणि लाज वाटते सांगायला, पण सांगते. आपलं नाव तिथं छापलेलं बघून मला बरंही वाटलं. एक पळभर का होईना, वाटलं. मी सही केली. आई म्हणाली, "माझी गुणाची." तिनं मला असं शेवटचं कधी म्हटलं होतं, आठवत नाही.

केस माझ्या नावावर चालू झाली, लायसन महिन्याभरानं परत मिळालं. एका सकाळी मी अळणावरची बस धरली. कुणी सांगितलं नव्हतं. मीनाक्षीनं घर दाखवलं, लाकडाच्या वखारीमागं दोन खोल्या. पोरीची आई राधा वखारीत कामाला जाते, बोलीवरून आमच्याच मिरजेकडची. ती दारात कपडे वाळत घालत होती. हात तसाच ओल्या लुगड्यावर ठेवून तिनं विचारलं, "कोन तुम्ही?"

अण्णांची बहीण म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. ते आता खरं नव्हतं. म्हटलं, "हुबळीच्या औषधाच्या दुकानाची मालकीण."

तिनं घाईनं डोक्यावर पदर घेतला, चटई झटकून टाकली आणि आत हाक मारली, "यमे, ये गं भाईर. हुबळीच्या मालकीनबाई आल्यात. पाया पड." पोरगी आली. ओठाच्या कडेला अजून व्रण होता. मी नको नको म्हणत मागं सरकेपर्यंत ती वाकली आणि माझ्या पायांना तिचे हात लागले.

मग मी बसून सांगितलं. गोळ्या आमच्याकडच्या, परत घ्यायला हव्या होत्या, तुमच्या गावाची नोंद माझ्या हातानं पुसली गेली, म्हणून कुणी कळवलं नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल. शिव्या देईल, निदान जा म्हणेल. त्यासाठीच गेले होते बहुतेक. ती पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत ऐकत राहिली. यमुना काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही, आईला कळलं. आईनं तिला पाणी दिलं.

मग राधानं फळीवरून गोळ्यांची नवी पट्टी काढली आणि माझ्यापुढं धरली. मीनाक्षीच्या दुकानातली, म्हणजे आमच्याच गोदामातली. दुसरीकडून आणायची कुठून, अळणावरात ही गोळी फक्त मीनाक्षीच ठेवते.

"ही तरी चांगली हाय न्हवं, बाई?" तिनं विचारलं.

मी पट्टी उलटीपालटी केली, लॉटचा क्रमांक वाचला. तो कुठून आला, कुठं कुठं गेला, हे मला यंत्रात बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आणि दोन्ही यंत्रांचे पासवर्ड भावांनी सही झाली त्याच दिवशी बदलले होते.

"हो," मी म्हटलं. "चांगली आहे."